आधी दुसऱ्याची तक्रार

ताई,

तुम्ही गेल्याचं तुमच्या सोसायटीच्या नेनेकाकांनी फोनवर कळवलं आणि मी पहिली गोष्ट केली ती म्हणजे उद्याची बैठक रद्द करायची का, हे विचारायला तुम्हालाच फोन लावला. तो मीनलने उचलला. "काका, आई नाहीये," ती म्हणाली. "हो, ते कळलं," मी म्हणालो, "पण मग बैठकीचं कोणाला विचारू?" शेवटी तिनेच फोन ठेवला.

अशा लेखात माणसाचा जन्म, शिक्षण, नोकरी, मानसन्मान हे सगळं क्रमाने सांगायची पद्धत आहे. तुमचं तुम्हाला माहीत आहे, तेव्हा ते वगळतो. वाचणाऱ्यांसाठी इतकंच, की मेश्रामताई मूळच्या भंडाऱ्याच्या, नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झालेल्या, आणि धायरीच्या एका सोसायटीत बी इमारतीत राहणाऱ्या. आणि मी सदाशिव पेठेतून स्कूटरला फ्लिप चार्टची गुंडाळी बांधून दर रविवारी तिथे शांतता घेऊन येणारा कुलकर्णी. 'शांतता घेऊन येणारा' हे तुमचे शब्द. गॅसचा सिलिंडर घेऊन येणाऱ्याबद्दल बोलावं तसं तुम्ही हे वॉचमनला सांगायचात, "सोडा त्यांना आत, शांतता घेऊन आले आहेत."

सुदानमध्ये युद्ध पेटलं तेव्हा पुण्यात शिकायला आलेली तिकडची मुलं इथेच अडकली. मागाहून कुणाची आई आली, कुणाची बहीण. गावात घरं मिळेनात, म्हणून फिरत फिरत काही जण तुमच्या सी इमारतीत भाड्याने आले. सोसायटीत कुरबुरी सुरू झाल्या, म्हणून आमच्या छोट्याशा संस्थेने मला पाठवलं. आमच्या प्रकल्पाचं नाव मी तुम्हाला पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं होतं: 'निर्वासित व यजमान समुदायांमधील सलोखा आणि हिंसक अतिरेकीपणाला प्रतिबंध.' तुम्ही चष्मा वर करून म्हणालात, "एवढं वाचेपर्यंत भांडण होऊन जाते ना, कुलकर्णी." आणि मला पोहे दिलेत.

तुमच्या हॉलमधल्या पहिल्या सत्राची आठवण काढून तुम्ही किती हसायचात. विश्वास वाढवण्याचा एक खेळ असतो. एकाने डोळे मिटून मागे पडायचं आणि दुसऱ्याने त्याला झेलायचं. मी सोसायटीचे सेक्रेटरी नेनेकाका यांना पुढे बोलावलं आणि त्यांच्या मागे हुसामला उभं केलं. हुसाम म्हणजे सी इमारतीतला तो उंच, लाजाळू मुलगा, कॉम्प्युटरची पदवी घेतलेला, आईबरोबर राहणारा. नेनेकाकांनी मागे वळून त्याला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग मला म्हणाले, "मी कोणाच्याही भरवशावर पडत नाही. सख्ख्या भावाच्याही नाही." मी हुसामला विचारलं, तुला काय वाटतं? तो म्हणाला, "अंकल सही बोल रहे हैं." त्या दोघांचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं ते या मुद्द्यावर. मी फ्लिप चार्टवर लिहिलं, 'समान भूमिका'. तुम्ही तोंडाला पदर लावून स्वयंपाकघरात गेलात.

खरं भांडण होतं धुराचं. हुसामच्या आई, इल्हामबाई, रोज दुपारी कॉफीचे दाणे भाजायच्या आणि त्याबरोबर निखाऱ्यावर लोबान टाकायच्या. त्यांच्याकडे कॉफी तशीच पितात. तो धूर उठायचा आणि समोरच्या बी इमारतीत नेनेकाकांच्या गॅलरीत शिरायचा. नेनेकाका एकदा आग विझवायची वाळूची बादली घेऊन त्यांच्या दारात गेले. इल्हामबाईंना वाटलं, शेजारी भेटवस्तू घेऊन आले आहेत. त्यांनी बादली दोन्ही हातांनी स्वीकारली, काकांना आत बसवलं आणि कॉफी पाजली. बादली परत मागायची कशी, या काळजीत काका बरेच दिवस होते. उलट बाजूला हुसामची तक्रार पाण्याची. तो रात्रभर ऑनलाइन कुठल्या कुठल्या देशांतल्या मुलांना गणित शिकवायचा आणि सकाळी झोपायचा. नेनेकाका सकाळी नऊला पाण्याचा व्हॉल्व्ह बंद करायचे, त्यात घड्याळ मागेपुढे होईल पण काका व्हायचे नाहीत.

मी संवाद-सत्राची आखणी करत होतो. तुम्ही दोघांना तुमच्या हॉलमध्ये समोरासमोर बसवलंत आणि सांगितलंत, "नेने, याची तक्रार तुम्ही मांडा. हुसाम, यांची तू मांड. जोवर समोरचा म्हणत नाही की हो, हेच म्हणणं आहे माझं, तोवर चहा होणार नाही."

हुसाम उभा राहिला. हात मागे बांधून, शाळेत पाठांतर म्हणतात तसा बोलू लागला. "मेरे घर से बहुत धुआँ आता है. मेरी माँ लोबान जलाती है. नेनेअंकल के कपड़े बालकनी में सूखते हैं. फिर अंकल वही पहनकर बैंक जाते हैं और सब लोग पूछते हैं, नेनेसाहब, इस उम्र में सेंट?" हे त्याला कुठून कळलं देव जाणे, पण नेनेकाकांनी मान हलवली. म्हणाले, "अगदी हेच. कॅशियरसुद्धा विचारतो."

मग काका उभे राहिले. "समजा, मी हुसाम. मी सकाळी झोपतो, कारण रात्री मी शिकवतो. शिकवणं हे चांगलं काम आहे. मी उठतो तेव्हा नळाला पाणी नसतं. आता ही नऊची वेळ नेमकी कोणी ठरवली, ते मला कळेल का?"

"तुम्हीच," तुम्ही म्हणालात.

"तेच म्हणतो मी," नेनेकाका म्हणाले आणि खाली बसले. व्हॉल्व्ह साडेअकराला बंद होऊ लागला, कॉफी काकांचे कपडे आत घेतल्यावर भाजली जाऊ लागली, आणि त्या दिवशी चहा झाला.

मी भारावून गेलो होतो. म्हटलं, ताई, ही तर मान्यताप्राप्त पद्धत आहे, आमच्या क्षेत्रात यावर फार काम झालंय, आपण याचं मॉडेल करू. तुम्ही कपबशा विसळत होतात. "तुमच्या क्षेत्रात असेल. आमच्या तालुक्यात बांधाचं भांडण घेऊन दोन भाऊ यायचे. मी मोठ्याला धाकट्याचं म्हणणं सांगायला लावायची. सांगता सांगता मोठ्याचा आवाज आपोआप खाली यायचा. त्याला मॉडेल काय म्हणता बाप्पा, मला दुसरं काही येतच नाही." यावर मी वाद घातला, तुम्ही घातलात, आणि तो वाद शेवटपर्यंत संपला नाही. मी अजूनही म्हणतो की त्याचं मॉडेल होऊ शकतं. आता तुम्ही उलट बोलणार नाही, म्हणून ते म्हणायला काही मजा येत नाही.

दुसरा वाद मात्र तुम्ही जिंकलात, आणि तो गमतीचा नव्हता. मी चार्टवर दोन वर्तुळं काढली होती, एकात 'निर्वासित' आणि दुसऱ्यात 'यजमान'. तुम्ही विचारलंत, मी कुठल्या गोलात? मी म्हटलं, अर्थातच यजमान. तुम्ही शांतपणे सांगितलंत, की पुण्यात बदली होऊन आलात तेव्हा सदाशिव पेठेत एक जागा बघायला गेला होतात. घरमालकांनी अगदी अदबीने बसवलं, पाणी दिलं, आडनाव विचारलं, आणि मग आठवल्यासारखं म्हणाले की जागा कालच गेली हो. "तेव्हा मी यजमान होते की काय होते, तेवढं सांगा," तुम्ही म्हणालात. माझ्या हातात स्केचपेन होतं. मी त्याला टोपण लावलं. ती दोन वर्तुळं मात्र मी नंतर कधी काढली नाहीत.

आता ओंकारकडे येतो. तो आला नसता तर तुमची पद्धत व्हॉल्व्ह आणि लोबानापुरतीच राहिली असती.

ओंकार डी इमारतीतला. अस्सल धायरीचा, सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे तिथे त्याच्या आजोबांचा ऊस होता. खराडीच्या एका कंपनीत रात्रपाळीला होता. ती नोकरी सुटली, आणि तो दिवसभर घरात फोन घेऊन बसू लागला. 'जागृत धायरी' नावाच्या ग्रुपवर तो बाहेरच्या लोकांविरुद्ध एक एक टाकायचा. पलीकडे सी इमारतीत हुसामचंही तेच चाललं होतं. कानात हेडफोन, त्यात कोणीतरी गोड आवाजाचा माणूस. इल्हामबाई एकदा तुमच्याकडे येऊन रडल्या होत्या. तो माणूस हुसामला कुठेतरी बोलावत होता. कुठे, कशासाठी, हे हुसाम सांगत नव्हता. त्यांना एवढंच कळत होतं की हे घर सुटलं तर मुलगा त्या आवाजामागे जाईल आणि परत येणार नाही.

त्या दिवशी तुम्ही मला म्हणालात, "ओंकारच्या फोनातला माणूस त्याला सांगून राहिला की बाहेरचे तुझं सगळं घेऊन चालले. हुसामच्या फोनातला सांगून राहिला की हे लोक तुला कधी आपलं म्हणणार नाहीत. दोघांपैकी एकानंही धायरी पाहिलेली नाही. फाट्यावरचं ट्रॅफिक पाहिलं असतं तर इतकं बोलायला वेळ नसता मिळाला." मी हे टिपून घेऊ लागलो तर तुम्ही रागावलात. म्हणालात, लिहू नका, काहीतरी करा.

आणि त्याच आठवड्यात ती क्लिप आली.

हुसामच्या बहिणीचं लग्न कैरोत होतं. ही मंडळी काही तिथे जाऊ शकत नव्हती. म्हणून त्यांनी गच्चीवर मोठा स्क्रीन लावून इथूनच लग्न साजरं केलं. त्यांच्यात पुरुष काठी उंच धरून, बोटांनी टिचक्या वाजवत नाचतात, बायका जिभेने लांब सूर काढतात, आणि लोबान तर होताच. डी इमारतीतून कोणीतरी ते चित्रित केलं. धूर, आरोळ्या, उगारलेल्या काठ्या. खाली मजकूर: 'धायरीत उघडउघड शस्त्रप्रशिक्षण. जागे व्हा.' संध्याकाळी गेटवर गर्दी जमली. पुढे ओंकार होता. काही चेहरे तर सोसायटीचेही नव्हते.

मी स्कूटर बाहेरच टाकून धावत आलो. तुम्ही गेटच्या बरोबर मध्ये प्लास्टिकची खुर्ची टाकून गवार निवडत बसला होतात. "दाखव रे," तुम्ही ओंकारला म्हणालात. त्याने फोन पुढे केला. तुम्ही क्लिप थांबवलीत, बोटांनी मोठी केलीत आणि हाक मारलीत, "नेने, इकडे या. हे हत्यार ओळखता का?"

नेनेकाकांनी चष्मा पुसला. फोन नाकाजवळ नेला. "ही माझी टिपरी आहे," ते म्हणाले.

ती त्यांचीच होती. नवरात्रात सोसायटीचा दांडिया होतो आणि टिपऱ्यांची अदलाबदल होते, म्हणून काकांनी सगळ्या टिपऱ्यांवर लाल रंगाने घराचे क्रमांक आणि नावं घालून ठेवली होती. आपल्याकडे पुण्यात माणूस जिन्यातल्या केरसुणीवरसुद्धा नाव घालतो. शस्त्रावर स्वच्छ दिसत होतं, 'नेने, बी-४'. काका भडकले, पण भलत्याच गोष्टीवर. "समितीच्या कपाटाची किल्ली यांना दिली कोणी?"

"मी दिली," तुम्ही म्हणालात. "लांब काठ्या नव्हत्या त्यांच्याकडे. लग्न होतं."

"ठराव झाला होता का?"

"लग्नाचा?"

"किल्लीचा," काका म्हणाले.

एवढ्यात गर्दीतून एकाने विचारलं, आमच्याही आहेत का हो त्यात? मग जो तो क्लिप मोठी करून स्वतःच्या घराचा क्रमांक शोधू लागला. डी इमारतीच्या देशपांडेबाईंना त्यांची हरवलेली टिपरी सापडली, ती गेली दोन नवरात्रं साठेंकडे असल्याचा त्यांचा संशय होता. साठे तिथेच उभे होते. भांडण त्या दिशेला गेलं. बाहेरून आलेल्या चेहऱ्यांना यातलं काहीच कळेना, त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली आणि ते निघून गेले. तुमची गवार निवडून झाली होती.

सगळे हसत घरी गेले, ओंकार सोडून. मला तेव्हाच भीती वाटली होती. लोकांपुढे हसं झालेला तरुण मुलगा जास्त धोकादायक असतो, हे आमच्या क्षेत्रातलं थोडंफार खरं शहाणपण आहे. त्याने वडिलांकरवी विशेष बैठक मागितली. विषय एकच, परदेशी भाडेकरूंना बाहेर काढावं, आणि पहिलं घर हुसामचं. वातावरण असं होतं की ठराव मंजूर झाला असता. टिपरी-प्रकरणावर हसलेल्यांपैकी निम्मे लोक तरी हात वर करणार होते. हसणं वेगळं आणि मत देणं वेगळं.

बैठकीत इल्हामबाई मागे भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं आणि त्यांना सगळं कळत होतं. हुसाम त्यांच्याशेजारी, कानात एक हेडफोन तसाच ठेवून. ओंकारने बोलायला सुरुवात केली तशी तुम्ही त्याला थांबवलंत. "आधी दुसऱ्याची तक्रार. हुसामचं म्हणणं तू मांड, मग तुझं तो मांडेल."

"मला काय माहीत त्याचं म्हणणं?"

"मग जाऊन विचार."

"मी नाही विचारणार."

"ठीक आहे. मग बैठक सुरू होत नाही," तुम्ही म्हणालात. "मी निवृत्त आहे, मला वेळ आहे."

आणि तुम्ही खरोखरच गप्प बसलात. ताई, मी आयुष्यात पुष्कळ सत्रं घेतली, पण सोसायटीच्या सभासदांना इतका वेळ गप्प बसलेलं कधी पाहिलं नाही. शेवटी साठे कंटाळून म्हणाले, "जा रे बाबा, विचारून ये, घरी मॅच आहे." ओंकार उठला, हुसामला मानेने खूण करून जिन्यात घेऊन गेला. सुरुवातीला जिन्यातून चढे आवाज आले. मग नुसतं बोलणं. मग बराच वेळ काहीच ऐकू आलं नाही. मी उठून बघायला निघालो, तर तुम्ही माझा शर्ट धरून मला खाली बसवलंत.

परत आल्यावर ओंकार उभाच राहिला, आमच्या कुणाकडे न बघता. "याचं म्हणणं असं आहे, की डिग्री आहे, पण त्या डिग्रीचं काम नाही. घरात बसलो की आई बघत राहते. बाहेर पडलो की सगळे बघत राहतात. दिवसभरात एकच माणूस विचारतो, जेवलास का, तो पण फोनवरचा. बाकी कोणी विचारत नाही." तो थांबला. मग एकदम म्हणाला, "हे मी माझं नाही सांगत, त्याचं सांगतोय."

तसं कोणी म्हणालंच नव्हतं.

हुसाम कानातला हेडफोन काढून उभा राहिला. त्याचं हिंदी तेव्हाही तुटकंच होतं. "मैं ओंकार. यह सब मेरे दादा का खेत था. अब बिल्डिंग है. मैं अपने ही खेत में पार्किंग के लिए झगड़ता हूँ. मेरी नौकरी गई, किसी ने पूछा नहीं. ये लोग आए, इनके लिए मीटिंग होती है, चार्ट वाला आदमी आता है. मेरे लिए कोई चार्ट नहीं लाया."

चार्टवाला आदमी म्हणजे मी. मी चार्टाची गुंडाळी खुर्चीखाली सरकवली. ओंकारचे वडील, एरवी बैठकीत कधी तोंड न उघडणारे, पुढे वाकून म्हणाले, "बरोबर बोलतंय की त्ये पोरगं. आपलंच रान हाय ह्ये." मग तुम्ही ओंकारला विचारलंत, हेच म्हणणं आहे ना तुझं? त्याने मान हलवली. तुम्ही म्हणालात, "आता तुझा ठराव मांड." तो खाली बघत म्हणाला, विषय पुढच्या बैठकीत घेऊ. नेनेकाकांनी इतिवृत्तात लिहिलं, 'विषय पुढे ढकलण्यात आला'. तो विषय तेव्हापासून दर बैठकीत पुढे ढकलला जातो. काका म्हणतात, कायद्याने तो जिवंत आहे.

मला त्या रात्री वाटलं होतं, जिंकलो. तुम्हाला तसं वाटलं नव्हतं. हुसामला पोलिसांकडे, परदेशी नागरिकांच्या नोंदणीला, कुठे कुठे खेटे घालावे लागत, त्या प्रत्येक वेळी तुम्ही त्याच्याबरोबर ओंकारला धाडू लागलात. मी म्हटलं, ताई, हा कसला धोका पत्करता? तुम्ही म्हणालात, "त्याला भांडायची हौस आहे ना, मग खिडकीपलीकडच्या माणसाशी भांडू दे." आणि ओंकार भांडला. हुसामच्या कागदांसाठी तो असा भांडायचा की हुसामच त्याला मागे ओढायचा. जेवलास का, हे विचारणारी माणसं तर तुम्ही इमारतीत इतकी पेरलीत की हुसाम वैतागला. एकदा मलाच म्हणाला, "सर, मैंने खाया है. प्लीज सबको बोल दो." तो फोनवरचा आवाज कधी बंद झाला, ते कोणाच्याच लक्षात आलं नाही. इल्हामबाई मात्र पुन्हा दुपारी झोपू लागल्या, कॉफीची वेळ पुढे गेली आणि नेनेकाकांचे कपडे पुन्हा धुरात सापडले.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली. आमचा तो लांब नावाचा प्रकल्प मागच्या वर्षीच संपला. संस्थेने मला दुसरं काम दिलं. तरी मी दर रविवारी येत राहिलो, चार्ट बांधून, कामावर असल्यासारखा. तुम्ही एकदाही विचारलं नाहीत की प्रकल्प कुठवर आला. आता वाटतं, तुम्हाला माहीत होतं. माझं घर रिकामं आहे, मुलगी दूर आहे, आणि रविवारी मला कोणीतरी टोचून बोलणारं लागतं, हे तुम्ही ओळखलं होतं. त्याबद्दल आभार मानायचे होते. पण तुमच्यासमोर आभार मानायला तोंड उघडलं की तुम्ही विचारायचात, काय हवं आहे?

तुमच्या अंत्यसंस्कारानंतर आम्ही सगळे आपापल्या पद्धतीने घरी निघालो. आपली पद्धत तुम्हाला माहीतच आहे. यायचं, दोन शब्द बोलायचे, पाणी न पिता निघायचं. मीनल खराडीला जायला घराला कुलूप घालत होती. तर खाली बी इमारतीच्या पार्किंगमध्ये इल्हामबाई चटया अंथरत होत्या. हुसामचे मित्र, त्यांच्या बहिणी, कुठून कुठून लोक आले आणि बसले. नेनेकाका म्हणाले, "अहो, सगळं झालं. आता लोक घरी जातात." हुसामने सांगितलं, त्यांच्याकडे मयताच्या घरी शेजारी दिवसचे दिवस नुसते बसतात, घर एकटं सोडत नाहीत. मीनल किल्ली हातात धरून तशीच खाली आली, चटईवर बसली आणि सकाळपासून पहिल्यांदा रडली.

काका गॅलरीतून बघत होते. मग आपली खुर्ची घेऊन उतरले. "बाई आपल्या इमारतीच्या, आणि बसलेत सी इमारतीचे. हे काही बरं दिसत नाही," असं म्हणत त्यांनी घरोघरी बेल वाजवली. साठे आले, देशपांडेबाई आल्या, ओंकार वडिलांना घेऊन आला. संध्याकाळी तुमच्याकडच्या लोकांनी बुद्धवंदना म्हटली, आम्हाला येत नव्हती म्हणून आम्ही नुसते हात जोडून बसलो. इल्हामबाईंनी तळहात पसरून त्यांचं काहीतरी म्हटलं. मेणबत्त्या होत्या, उदबत्ती होती, लोबान तर होताच. काका त्या धुरात खोकत बसून राहिले. मला त्या वेळी तुमची इतकी आठवण आली की उठून जिन्यात जावं लागलं. असं काही झालं की त्यावर तुम्ही काय बोलाल, हे ऐकण्यासाठी मी दर रविवारी धायरीला येत होतो.

दुसऱ्या दिवशी क्लिप आली. 'जागृत धायरी' ग्रुपवर. बी इमारतीच्या पार्किंगमध्ये जमिनीवर बसलेले परदेशी लोक, धूर, पसरलेले हात. खाली मजकूर: 'बघा, आता सोसायटीचाच ताबा घेतला.' ओंकारने मला फोन दाखवला तेव्हा माझ्या मनात आलं, संपलं, आता गेटवर खुर्ची टाकून बसायला कोणी नाही. हुसाम शेजारीच होता, त्यानेही पाहिलं. त्याने आईकडे बघितलं.

ओंकार टाईप करू लागला. 'मागच्या रांगेत टोपी घातलेला आहे तो मी. आमच्या मेश्रामताई गेल्या.'

कुणीतरी लगेच विचारलं, 'मग ते बाहेरचे कोण?'

ओंकारने थोडा विचार केला. 'ते घरचे आहेत,' त्याने लिहिलं. 'बाहेरून मी आलोय. मी डी बिल्डिंगचा.'

मग कोणीतरी दोन जोडलेले हात टाकले. दुसऱ्याने लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. मग तिसऱ्याने. मराठी माणसाच्या ग्रुपवर एकदा हे सुरू झालं की थांबत नाही. तुमच्या शेजाऱ्यांना हाकलून लावा म्हणणारी ती सगळी मंडळी, ज्यांनी तुम्हाला कधी पाहिलंही नव्हतं, एकामागून एक तुम्हाला श्रद्धांजली वाहू लागली. एकाने तर त्या क्लिपखालीच फुलं टाकली. तुमचं हसू मला तिथे ऐकू आलं.

आज सकाळी ती क्लिप टाकणारा मुलगा गेटवर आला, ओंकारने त्याला ओळखलं. गाडी बंद न करता बराच वेळ बसून होता. मग बंद केली, आत आला आणि कुणाकडे न बघता विचारलं, बसलं तर चालेल का. नेनेकाकांनी आजूबाजूला पाहिलं. "खुर्च्या संपल्या. चटईवर बसा," ते म्हणाले. इल्हामबाई थोड्या सरकल्या.